आधी खुणा, मग साज: घरच्या अंगणात पोनी-प्ले सुरू करताना

प्रश्न असा आहे: "आम्ही नवराबायको, दोघंही पस्तिशीतले, राहायला म्हापशाजवळ. नवऱ्याची पोनी व्हायची बऱ्याच वर्षांची इच्छा. मलाही आता उत्सुकता वाटायला लागली आहे. ऑनलाइन पूर्ण साज बघून ठेवलाय: चामड्याचा हार्नेस, तोंडात धरायचं धातूचं बिट, झापडं, खुरांचे बूट. मागवावा का? घरामागे चिऱ्यांच्या कुंपणातलं अंगण आहे, तिथं छोटी गाडी ओढता येईल का? आणि गोव्यात असं करणारी माणसं भेटतात कुठे?"

साज मागवू नका. निदान दोन महिने तरी नको. गोव्याच्या हवेत जपला नाही तर तो पहिल्याच पावसाळ्यात हिरवा पडेल, पण खरं कारण वेगळं आहे. साज चढला की पोनीचं बोलणं बंद होतं, हात अडकतात, नजर आखडते. एवढं सगळं काढून घेतल्यावर दोघांमध्ये उरतात त्या खुणा. त्या आधीच पक्क्या नसतील तर एक माणूस अंगभर पट्टे बांधून घामाघूम उभा असतो आणि दुसऱ्याला त्याचं काय चाललंय हे कळत नसतं. बहुतेक जोड्यांचं घोडं इथेच पेंड खातं.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन ओळी. पोनी-प्ले म्हणजे संमती असलेल्या दोन सज्ञान माणसांतला भूमिकेचा खेळ. एकजण घोड्याची चाल, उभं राहणं, मुकेपण आणि हुकूम पाळणं अंगावर घेतो, दुसरा त्याला चालवतो. चालवणाऱ्याला हँडलर म्हणतात. मराठीत मोतद्दार हा जुना आणि नेमका शब्द आहे, कारण निम्मं काम निगा राखण्याचंच असतं. खरा घोडा यात कुठेच नसतो आणि आणायचाही नाही. काहींसाठी हा खेळ लैंगिक असतो, काहींना फक्त डोकं शांत करणारी कसरत वाटतो. तुमच्यासाठी काय आहे ते पहिल्या दिवसाआधी कपडे घालून, चहा पिताना ठरवा. त्याच बैठकीत हेही ठरवा की कुठले शब्द चालतील, अंगाला कुठे हात लावायचा नाही, छडी असणार की नाही, असली तर नुसती खुणेची की लागणारी. "बघू तेव्हा" हे उत्तर म्हणजे नाही असंच धरा.

पोनीचे ढोबळ तीन प्रकार. शो पोनी देखणं चालतो, वळतो, उभा राहतो. कार्ट पोनी गाडी ओढतो. रायडिंग पोनीवर माणूस बसतो. सुरुवात शो पोनीनेच करा. तिसऱ्या प्रकाराबद्दल माझं मत सरळ आहे: नको. चार पायांवर उभ्या घोड्याची पाठ आणि हातगुडघ्यांवर टेकलेल्या माणसाची पाठ यांत काहीच साम्य नाही. फिलिस अॅरिस्टॉटलच्या पाठीवर स्वार झाली ही कथा युरोपात मध्ययुगापासून चित्राशिल्पांत आहे आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तिचा एक धातूचा जलपात्र-पुतळाही आहे, पण घडवणाऱ्याला मणक्याची काळजी करायची नव्हती. करायचंच असेल तर बसणाऱ्याने कंबरेच्या खालच्या हाडावर बसायचं, पाठीच्या मध्यावर कधीच नाही. स्वतःचे दोन्ही पाय जमिनीवर टेकवून निम्मं वजन त्यांवर घ्यायचं. पोनीला गुडघ्यांचे पॅड हवेत आणि वेळ एक-दोन मिनिटांच्या पुढे न्यायची नाही. खांद्यावर बसवून उभ्याने चालणं तर पूर्ण वर्ज्य. तिथून पडलं की डोक्यावरच.

आता पहिल्या महिन्याचं सामान. बाजारात खाटेला लागते ती सुती नवार मिळते. पंचवीस मिलिमीटर रुंदीची, अडीच मीटरचे दोन तुकडे. हाच लगाम. छातीला आणि कंबरेला बकल असलेली एखादी जुनी ट्रेकिंग सॅक घ्या. ती रिकामी करून पाठीला लावली की झाला हार्नेस. नवारीची टोकं सॅकच्या दोन्ही खांदापट्ट्यांना, बगलेच्या थोडं वर, दोन्ही बाजूंनी सारख्या उंचीवर बांधा. वर एक शिट्टी, घुंगरांचा एक जोड आणि मोबाइलमधलं घड्याळ. दंडाला लगाम बांधायचा मोह होतो, तो टाळा. दंडाच्या मागून हाडाला चिकटून एक मज्जातंतू जातो. तो दबला तर अंगठ्यामागची कातडी बधिर होते आणि मनगट उचलत नाही. कधीकधी हे बरं व्हायला आठवडे लागतात.

पोनीच्या मागे दीड-दोन मीटरवर उभ्या राहा. लगाम दोन्ही हातांत घ्या, पण हाताभोवती गुंडाळू नका. तो अडखळला तर तुम्हीही ओढल्या जाल. उरलेली पट्टी घडी घालून तळहातात धरा. आता चार खुणा. लगाम सैल आणि जिभेने एक टकटक म्हणजे चल. दोन्ही मुठी हळूच आवळल्या म्हणजे हळू. दोन्ही हात कमरेकडे आले म्हणजे थांब. एकाच बाजूचा ताण म्हणजे त्या बाजूला वळ. खरी खुबी पुढे आहे: त्याने ऐकलं त्याच क्षणी ताण सोडा. घोडे शिकवणारे याच तत्त्वावर काम करतात, दाब सुटणं हीच शाबासकी. नवीन हँडलर ताण धरूनच ठेवतो. मग पोनीला लगामात नुसता गोंगाट जाणवतो, कुठली खूण नवी आणि कुठली जुनी ते कळत नाही. नवरा वळताना दरवेळी जास्तच वळत असेल किंवा थांबायला सांगितल्यावर मान मागे टाकत असेल तर दोष त्याचा नाही, तुमची मूठ उशिरा सुटतेय.

पहिल्या दोन-तीन बैठका अशाच, तोंड मोकळं, डोळे उघडे, पायांत साधे सपाट बूट. दहा मिनिटं झाली की अदलाबदल करा: तुम्ही पोनी, तो मागे. हे बऱ्याच जणींना नको वाटतं, भूमिका मोडते म्हणून. तरी करा. लगामाला किती कमी ताण पुरतो हे स्वतःच्या खांद्यावर कळल्याशिवाय हात हलका होत नाही.

घुंगरं शोभेसाठी सांगितली नाहीत. चाल कानाने मोजता येते. दोन पायांचा आवाज सारखा येतोय की एक पाय ओढला जातोय, लय कधी ढिली पडते, हे मागून दिसण्याआधी ऐकू येतं. शिवाय घरात घुंगरं सापडली तर कोणी काही विचारत नाही, दशावतार आणि भजनांच्या मुलखात तर नाहीच. बिट सापडलं तर मात्र सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही बघा.

याच ओघात एक बाजूची गोष्ट. शिगम्यात डिचोली, सत्तरी, पेडण्याकडे घोडेमोडणी निघते. नाचणारे कमरेला घोड्याचा सांगाडा बांधतात, एका हातात तलवार, पायांत घुंगरं. माणसाच्या अंगावर घोडा चढवणं आपल्या डोळ्यांना परकं नाही, एवढंच त्यातून घ्या. तो देवाचा आणि गावाचा मान आहे. त्याचा पोशाख, फेटा, सांगाडा या खेळात आणू नका. गोवा लहान आहे आणि दुखावलेलं गाव विसरत नाही.

थांबण्याची खूण. तोंड मोकळं असेपर्यंत "पिवळा" म्हणजे जरा हळू, "लाल" म्हणजे सगळं बंद. बिट आलं की शब्द गेले, म्हणून अंगाची खूण लागते. परदेशी माहितीत हातात चेंडू धरायला सांगतात, सुटला की थांबायचं. फरशीवर ते चालतं. मातीच्या अंगणात किंवा गवतावर चेंडू पडलेला ऐकू येत नाही आणि मागून दिसतही नाही. त्यापेक्षा एकाच पायाने तीन वेळा जोरात आपटणं बरं, घुंगरं त्याला साथ देतात. दुसरी, उभं राहायची ताकद नसेल तेव्हासाठी: जिथे आहे तिथे गुडघ्यावर बसणं. पोनी न सांगता खाली बसला तर खेळ संपला, कारण नंतर विचारायचं. आणि दर पाच मिनिटांनी तुम्ही पुढे येऊन त्याचा हात दोनदा दाबायचा, त्याने दोनदा दाबून उत्तर द्यायचं. एकदाच दाबला, उशिरा दाबला, तिनदा दाबला, तर बिट बाहेर.

या हात दाबण्याचं महत्त्व गोव्यात दुप्पट आहे. पोनी खेळात रमला की त्याची नजर स्थिर होते, उत्तरं मंदावतात, चेहरा सैल पडतो. लोक याला हेडस्पेस म्हणतात आणि बहुतेकांना त्याचसाठी हा खेळ हवा असतो. उष्णतेचा झटका सुरू होताना माणूस नेमका असाच दिसतो. मंद उत्तर, अडखळती पावलं, शून्य नजर. हँडलरला वाटतं काय सुंदर रमलाय, आणि आतून शरीराचं तापमान चाळीस अंशांकडे चाललेलं असतं. घाम थांबला की झटका, हे ऐकीव ज्ञानही इथे दगा देतं. श्रमाने येणाऱ्या झटक्यात घाम चालूच असू शकतो. फरक पारखायचा सोपा मार्ग म्हणजे बिट काढून असं काही विचारणं ज्यासाठी डोकं लागतं. आज वार कुठला, शंभरातून सात वजा किती. रमलेला माणूस त्रासिक चेहऱ्याने का होईना, बरोबर सांगतो. गोंधळला तर वाट बघायची नाही. सगळे पट्टे सोडा, सावलीत किंवा पंख्याखाली आडवा करा, बादलीने अंगभर पाणी ओता, काखेत, मानेला आणि जांघेत बर्फ, आणि १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत पाणी ओतत राहा. शुद्ध धड नसेल तर तोंडाने काही पाजू नका. डॉक्टरांना "अंगावर पट्टे बांधून व्यायाम करत होते, इतका वेळ" एवढं खरं सांगितलं तरी पुरतं. त्यांना वेळ आणि तापमान हवं असतं, बाकी चौकशीत रस नसतो.

आपल्याकडे अडचण नुसत्या उन्हाची नाही, दमटपणाची आहे. घाम सुकला तरच अंग गार होतं. मे महिन्यात आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात किनारपट्टीवर तो सुकतच नाही, नुसता ओघळतो. वर रबरी किंवा रेक्झिनचा सूट चढवला तर प्रश्नच मिटला. तेव्हा अंगावर सुती बनियन आणि चड्डी, वेळ सकाळी सहा ते आठ किंवा सूर्य मावळल्यावर तासाभराने. दोन मिनिटं गुडघे उचलून दुडकी, दोन मिनिटं संथ चाल किंवा उभं राहणं, अशी पाच आवर्तनं. पहिल्या महिन्यात एवढं भरपूर. दर पंधरा मिनिटांनी (पुढे बिट आलं की ते काढून) दीडशे ते दोनशे मिली पाणी. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. सोलकढी खेळानंतर. आणि त्या दिवशी दोघांनीही दारू नाही, हुर्राकाच्या (काजूच्या ताज्या दारूच्या) दिवसांतही नाही. अंगातलं पाणी घटतं हे एक, पण हात दाबायची खूण दारूत आधी विरघळते हे मोठं.

दुडकीबद्दल थोडं. मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत गुडघा वर, बोटं खाली झुकलेली, पाऊल चवड्यावर टेकून मग टाच. चवड्यावरच नाचत राहिलं की दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दगड होतात. कंबर मागे झुकत असेल तर गुडघा कमी उचलायला सांगा. लांब दोरावर गोल फिरवायचं असेल, घोड्याला लाँजिंगला फिरवतात तसं, तर दोर निदान चार मीटरचा हवा आणि तीन फेऱ्यांनंतर दिशा बदलायची. नाहीतर चक्कर येते आणि एकाच गुडघ्यावर ताण येतो.

दोन महिने हे जमलं की साजाचा विचार. हार्नेस चामड्याचाच हवा असा हट्ट नको. अडतीस मिलिमीटर रुंदीचा नायलॉनचा पट्टा बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतो, तो शिवूनही देतो. कुत्र्यासाठी की सामान उचलायला असं तो विचारतही नाही. पट्टा आणि कातडी यांत दोन बोटं सरकली पाहिजेत, पोनीने पूर्ण श्वास भरलेला असताना. ओढ छातीच्या हाडावर आणि कमरेवर पडली पाहिजे. गळ्याच्या पुढून एकही पट्टा जायला नको, शोभेचासुद्धा नाही, कारण पडल्यावर शोभेचा पट्टाच आधी आवळतो. बकलं बहुधा निकेल चढवलेल्या लोखंडाची असतात, ती खाऱ्या वाऱ्याने लवकर गंजतात. दुकानात जाताना लहान चुंबक न्या. पितळ त्याला चिकटत नाही, चांगलं स्टेनलेस स्टील जवळजवळ चिकटत नाही. घट्ट चिकटलं तर आत लोखंड आहे.

चामडं घेतलंच तर जून ते सप्टेंबर त्याची चाकरी करावी लागेल. वापरल्यावर ओल्या फडक्याने घाम पुसा, ग्लिसरिनच्या साबणाचा हलका हात, मग सावलीत वाऱ्यावर वाळवा. उन्हात टाकलं की तडकतं. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलं की आठवड्यात बुरशी येते. सुती पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. पूर्वी कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायचे, तो उपाय आता एलईडीने चालत नाही, त्यात ऊबच नसते. खोबरेल लावू नका, आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावर खोबरेल असलं तरी. चामडं काळं आणि मऊ पडतं, पट्ट्याची भोकं लांबट होतात आणि काल बसलेला पट्टा आज सैल. बुरशी आलीच तर घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडा, मग पुसा. आत झाडली तर बीजं कपाटभर पसरतात.

धातूचं बिट मात्र यादीतून काढाच. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये रिकामी हिरडी असते. बिट तिथे बसतं. माणसाला ती जागाच नाही. आपल्या तोंडात आलेलं लोखंड थेट दातांवर आणि ओठांच्या कोपऱ्यांवर बसतं. अडखळून लगामाला हिसका बसला तर दाताचा टवका उडतो. माणसासाठी बिट म्हणजे अन्नासाठी चालणाऱ्या सिलिकोनची सरळ कांडी, सोळा ते वीस मिलिमीटर जाडीची, लांबी ओठांच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे साधारण एकेक सेंटिमीटर जास्त. त्यापेक्षा जाड असेल तर जबडा ताणलेला राहतो आणि पाच मिनिटांत कानापुढे दुखायला लागतं. कांडी दातांमागे ढकलायची नाही, दातांत हलकी धरायची. पट्टा डोक्यामागे एका हाताने सुटला पाहिजे. अंधारात, ओल्या बोटांनी सुटतो का ते आधी करून बघा. आणि लगाम बिटला कधीही जोडू नका. तो हार्नेसला किंवा फार तर मोरखीच्या (डोक्याभोवतीच्या पट्ट्यांच्या) गालावरच्या कडीला. बिट शोभेचं आणि मौनाचं, लगाम दिशेचा, दोघांची गाठ पडता कामा नये.

लाळ गळणार, ते थांबवता येत नाही, छातीवर टॉवेल बांधा. वेळ दहा मिनिटं, फार तर पंधरा. सर्दीने नाक बंद असेल त्या दिवशी बिट नाही, कारण श्वासाची वाट एकच उरते. दोन तास आधीपर्यंत भरपेट जेवण नाही; उलटी आली तर तोंडात अडथळा नको. जबडा उघडताना कटकट वाजत असेल, कॅप किंवा ब्रेसेस असतील तर दातांच्या डॉक्टरांना न विचारता करू नका. वापरून झाल्यावर साबण, गरम पाणी, पूर्ण वाळवणं. आपल्या हवेत ओलं ठेवलेलं सिलिकोन दुसऱ्या दिवशी वास मारतं.

झापडं घोड्याला लावतात कारण त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. माणसाचे डोळे समोर. झापडाने आपलं जातं ते नेमकं पायाजवळचं, कोपऱ्यातून दिसणारं. म्हणून खालची बाजू उघडी असलेलीच झापडं घ्या. खुरांच्या बुटांना टाच नसते, पूर्ण वजन चवड्यावर येतं. रबरी मॅटवर, भिंत किंवा माणूस धरून, एका वेळी पाच मिनिटं. झापडं, खुरांचे बूट आणि हात बांधणं या तिनांतलं एका वेळी एकच. हात मोकळे नसलेला माणूस पडताना तोंडावर पडतो, सावरायला काही उरत नाही. हात मागे बांधून चालवणं हा अनुभवी जोड्यांचा प्रकार आहे. तोही सपाट जमिनीवर, आणि हँडलर हाताच्या अंतरावर असला तरच.

गाडी. तुमच्या अंगणाबद्दल इथून नेमकं सांगता येणार नाही, पण हिशोब तुम्हीच करू शकता. समजा तुमचं वजन पासष्ट किलो आणि गाडी पंचवीस, मिळून नव्वद. हवा भरलेल्या सायकलच्या चाकांवर गुळगुळीत सिमेंटवर हे ओढायला एक-दोन किलोची ओढ पुरते. खडबडीत मातीवर ती कितीतरी पटींनी वाढते. मऊ कोरड्या वाळूत वजनाचा पाचवा हिस्सा आणि वरही, म्हणजे अठरा-वीस किलो, सतत. "बीचवर किती छान दिसेल" ही कल्पना भौतिकशास्त्रातच मरते, कायद्यापर्यंत जायची गरज नाही. चढावाचं वेगळं: एक मीटरला पाच सेंटिमीटर चढ असेल तर साडेचार किलो ओढ वाढते. लांब फळीवर पाण्याची अर्धी बाटली आडवी ठेवून अंगण मोजा.

चढापेक्षा उतार वाईट. उतारावर गाडी पोनीला मागून ढकलते आणि त्याच्या टाचांवर चढते. बसणाऱ्याच्या हाताशी ब्रेक नसेल तर उतार नाही, अगदी थोडासुद्धा. गाडीचं वजन आसावर तोललेलं असावं. बसणारी स्थिर बसल्यावर दांड्यांच्या टोकाला दोन-तीन किलोच भार उरला पाहिजे. जास्त असेल तर आसन मागे सरकवा. दांड्या वर उसळत असतील तर पुढे. ओढ घ्यायची ती कमरेच्या रुंद पट्ट्यावर, पाच ते साडेसात सेंटिमीटर रुंदीच्या, आणि दोन्ही बाजूंना ओढलं की सुटणारे हूक हवेत, ताण असतानाही सुटणारे. साधा कॅराबिनर, म्हणजे गिर्यारोहकांची खटक्याची कडी, ताणाखाली सुटत नाही, तो इथे निरुपयोगी. खुरांचे बूट घालून गाडी ओढायची नाही. आणि जांभ्याचं अंगण पावसाळ्यात शेवाळाने काचेसारखं होतं, वरून चिऱ्याच्या कडा धारदार. जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवा आणि घरात फरशीवर चाल सुधारा.

खेळ संपवण्याची एक ठरलेली रीत असू द्या: बिट निघालं, मोरखी निघाली की तो पोनी नाही, नावाने हाक मारा. मग खरारा. मऊ ब्रश किंवा पंचा घेऊन मान, खांदे, पाठ, पोटऱ्या, सावकाश. हे लाडापुरतं नाही, पट्ट्यांचे वळ पाहायची हीच वेळ. लालसर वळ तासाभरात जातो. निळसर, बधिर किंवा मुंग्या येणारी जागा दिसली तर तिथला पट्टा पुढच्या वेळी हलवायचा. चंदी म्हणून गुळाचा खडा, केळं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला उगाच उदास वाटू शकतं, तुम्हालाही. ते येतं आणि जातं, फक्त त्या दिवशी खेळाचा हिशोब मांडू नका.

कायद्याचं तेवढ्यापुरतं. २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा मूलभूत हक्क मानला. चार भिंतींत दोन सज्ञानांनी घोडा-घोडा खेळणं हा गुन्हा नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ सार्वजनिक जागी अश्लील कृत्याला शिक्षा सांगतं, आणि समुद्रकिनारा, रस्ता, शेजाऱ्याच्या खिडकीतून दिसणारी गच्ची यांवरून वाद होऊ शकतो. कुंपण किती उंच आहे ते शेजारच्या माडीवरून बघा, तुमच्या अंगणातून नव्हे. गंभीर दुखापत झाली तर "संमती होती" हा बचाव पुरेलच असं नाही. आणि अंगणात पाहुणी म्हणून येणारी प्रत्येक व्यक्ती अठरा पूर्ण असलेलीच, इथे सूट नाही.

माणसं कुठे भेटतात? फक्त पोनींचा वेगळा अड्डा शोधत बसू नका. हा छंद असलेले मोजके लोक किंकच्या, म्हणजे चाकोरीबाहेरच्या लैंगिक आवडींच्या, मोठ्या वर्तुळातच असतात. फेटलाइफ ही साइट २००८ पासून आहे, भारतातले लोक तिथेच एकमेकांना शोधतात. द किंकी कलेक्टिव्ह हा गट भारतात संमतीबद्दल उघडपणे बोलत आला आहे, त्यांचं लेखन आधी वाचा. मुंबई, पुणे, बंगळूर ही मोठी शहरं, तिथे माणसं जास्त. प्रत्यक्ष भेट म्हणजे बहुधा "मंच" (इंग्रजी munch, व्यासपीठ नव्हे): साध्या कपड्यांत, कॅफेत, कॉफी आणि गप्पा, खेळ नाही. गोव्यात एक अडचण खास आहे. अर्धे लोक चार दिवसांचे पाहुणे असतात, त्यांना मागे काही राहत नाही, आणि उरलेले अर्धे तुमच्या मावसभावाला ओळखतात. म्हणून टोपणनाव वापरा, पहिली भेट दुसऱ्या तालुक्यात ठेवा, म्हापशाचे असाल तर मडगावला जा. आधार कार्डाचा फोटो, आगाऊ पैसे किंवा "पहिल्या भेटीतच व्हिलावर या" मागणाऱ्याला उत्तरही देऊ नका. चांगला माणूस ओळखायची माझी कसोटी एकच: त्याला विचारा, शेवटचा खेळ मध्येच कधी थांबवलात आणि का. ज्याला असा एकही प्रसंग आठवत नाही त्याच्या हातात लगाम देऊ नये.

फोटो काढायचे असतील तर स्वतःच्याच फोनवर, क्लाउडची सोय बंद करून. दुसऱ्याच्या खाजगी अवयवांचे फोटो त्याच्या परवानगीशिवाय टिपणं किंवा पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली येतं, पण बदनामी खटल्याच्या कितीतरी आधी गावात पोचते. चेहरा झाकला म्हणून निश्चिंत राहू नका. जुन्या गोंयकार घरांतल्या नक्षीदार लाद्या घराघरात वेगळ्या असतात, आणि त्या लाद्यांवर लग्नाची पंगत जेवून गेलेली माणसं त्या लगेच ओळखतात. खाली चटई अंथरा.